नाव, नमुना आणि नुस्खा : कारागिराच्या कमाईची राखण

मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली. मिरजेतील तंतुवाद्यांचा हा हुन्नर फार जुना आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकात तो मिरजेत रुजविला आणि पुढे या घराण्याचे आडनावच 'सतारमेकर' झाले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, बाहेरून येणारे लाकूड आणि पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेला हात यांतून बनलेली वाद्ये आज देशभरचे गायक-वादक घेऊन जातात. या कारागिरांच्या कामाला कायद्याने मान्यता मिळाली, याचा आनंद सर्वांना होणे साहजिक आहे.

परंतु या मानांकनाने मिरजेच्या कारागिराला नेमके काय मिळाले? उद्या त्याच्या दुकानाचे नाव शेजारच्या गावातील कोणी लावले, तर हे मानांकन कामाला येईल काय? त्याने तंबोऱ्याची खुंटी न सरकण्याची एखादी नवी युक्ती काढली आणि ती दुसऱ्याने उचलली, तर मानांकन आड येईल काय? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. नावासाठी कायदा वेगळा, युक्तीसाठी वेगळा, नक्षीसाठी वेगळा आणि गावाच्या लौकिकासाठी वेगळा आहे.

डोक्यातून आणि हातातून निर्माण झालेल्या या मालमत्तेला 'बौद्धिक संपदा' म्हणतात. दुकान, माग, यंत्र, कच्चा माल ही मालमत्ता डोळ्यांना दिसते, म्हणून आपण तिला कुलूप लावतो. नाव, नमुना आणि नुस्खा ही मालमत्ता दिसत नाही, म्हणून ती उघड्यावर राहते. शिवाय एकच कुलूप सगळ्या पेट्यांना चालत नाही. एक गोष्ट तर सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. यांतील काही हक्क उशिरा मागितले तरी पदरात पडू शकतात, पण काही हक्क असे आहेत की माल एकदा बाजारात मांडला की ते कायमचे हातचे जातात. कोणता हक्क कोणत्या जातीचा, हे प्रत्येक व्यापाऱ्याला आणि कारागिराला माहीत असावे, यासाठी या सर्व प्रकारांची ओळख येथे करून देत आहोत.

१. नाव आणि चिन्ह : ट्रेडमार्क

गिऱ्हाईक ज्या नावाने किंवा चिन्हाने आपला माल ओळखते, तो ट्रेडमार्क. बेकरीचे नाव, अत्तराच्या कुपीवरील शिक्का, मसाल्याच्या पाकिटावरील चित्र, हे सर्व त्यात येते. आपल्याकडे यासाठी १९९९ चा कायदा असून तो सप्टेंबर २००३ पासून अमलात आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि दर दहा वर्षांनी शुल्क भरून ती कितीही काळ चालू ठेवता येते. बाकीचे बहुतेक हक्क काही वर्षांनी संपतात, नाव मात्र नातवापर्यंत चालू शकते.

वस्तू आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग केलेले आहेत. पैकी ३४ वस्तूंचे व ११ सेवांचे. ज्या वर्गात अर्ज करावा त्याच वर्गापुरती नोंदणी मिळते आणि शुल्क प्रत्येक वर्गाला वेगळे लागते. एकटा व्यापारी किंवा लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी एका वर्गाला ४,५०० रुपये शुल्क आहे, इतरांना ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. अर्ज तपासल्यावर कार्यालयाने हरकत काढली तर एक महिन्याच्या आत उत्तर द्यावे लागते. ही सूचना बहुधा ई-मेलवर येते. दुसऱ्या कोणाचा ई-मेल देऊन अर्ज भरला आणि सूचना वाचलीच गेली नाही, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. पुढे अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांत कोणी विरोध केला नाही तर नोंदणी होते.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. शॉप ॲक्टचा परवाना, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, एवढेच काय कंपनीची नोंदणी झाली, म्हणजे नाव आपले झाले असे अनेकजण समजतात. तसे नाही. हे सर्व धंदा करण्याचे दाखले आहेत. नावाच्या मालकीचा दाखला ट्रेडमार्क कार्यालयच देते.

मग ज्याने नोंदणी केलेली नाही त्याचे काय? कायद्याने त्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. एखादे नाव आपण प्रथम वापरले, वर्षानुवर्षे वापरले आणि गिऱ्हाइकांत त्याचा लौकिक झाला, हे सिद्ध करता आले तर नंतर आलेल्याला न्यायालय रोखू शकते. नंतरच्याने नोंदणी केली असली तरी आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कलम ३४ नुसार शाबूत राहतो. परंतु येथे सगळा भार पुराव्यावर असतो. जुनी बिले, पावतीपुस्तके, जाहिराती, तारखेसह पाकिटे ज्याने जपली त्याचे काम होते. तीस वर्षांचा धंदा आणि हातात एक कागद नाही, अशी अवस्था असेल तर हक्क असूनही तो दाखवता येत नाही.

नाव निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. 'उत्तम मसाला', 'ताजी बेकरी' अशी मालाचे वर्णन करणारी नावे सहसा नोंदविली जात नाहीत, कारण तसे म्हणण्याचा हक्क सर्वांनाच आहे. दुसरे म्हणजे मदिना, बिस्मिल्ला अशी नावे आपल्या बाजारपेठांत गल्लोगल्ली आढळतात. बरकतीच्या भावनेने ती ठेवली जातात, त्यात वावगे काही नाही. पण जे नाव शंभरजण वापरतात ते एकट्याचे म्हणून राखणे अवघड, हे ध्यानात ठेवावे. २०१५ मध्ये 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून मागितल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. कोणत्याही धर्माच्या पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणी एकजण आपल्या मालासाठी मक्तेदारी सांगू शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने त्या वेळी दिला. कुरआन, बायबल, गुरु ग्रंथसाहिब यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

नावाची ताकद किती असते, हे रूह अफजाच्या प्रकरणावरून दिसते. हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत हमदर्द दवाखाना सुरू केला आणि १९०७ पासून रूह अफजा सरबत विकले जाऊ लागले. अलीकडे दुसऱ्या एका कंपनीने 'दिल अफजा' नावाचे सरबत बाजारात आणले. 'रूह' वेगळा, 'दिल' वेगळा, शिवाय औषधासाठी आपण हे नाव पूर्वीपासून वापरतो, असे त्या कंपनीचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी जानेवारी २०२२ मध्ये मनाई देण्यास नकार दिला. मात्र डिसेंबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय फिरविला आणि दावा चालू असेपर्यंत त्या नावाने सरबत बनविण्यास व विकण्यास मनाई केली. दिल आणि रूह हे शब्द बोलण्यात जोडीने येतात, 'अफजा' दोन्हींत आहे, आणि सरबताची बाटली घेणारे सामान्य गिऱ्हाईक नाव बारकाईने तपासत बसत नाही, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. तंतोतंत नक्कल केली नाही म्हणजे सुटलो, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट घरातील आहे. वडिलांनी नाव कमावले, पुढे मुले वेगळी झाली आणि प्रत्येकाने तेच नाव लावले. मग 'असली' आणि 'जुने' या शब्दांची भांडणे सुरू होतात. दुकानाची जागा, माल, येणी-देणी यांची वाटणी लेखी होते, पण नावाचा उल्लेख वाटणीपत्रात नसतो. नाव हीही मालमत्ता आहे. ती वारशाने जाते, विकता येते, वापरायला देता येते. भागीदारीच्या करारात आणि वाटणीपत्रात नाव कोणाकडे राहील, दुसऱ्याने वापरायचे तर कोणत्या शर्तीवर, हे एका ओळीत तरी लिहावे. ती एक ओळ नसल्याने भाऊ भावासमोर न्यायालयात उभा राहतो.

मालावर छापल्या जाणाऱ्या खुणांविषयीही थोडे सांगतो. 'टीएम' ही खूण नोंदणी नसतानाही लावता येते. गोल कड्यातील 'आर' ही खूण मात्र नोंदणी झाल्यावरच लावावी. नोंदणी नसताना ती लावणे दंडाला पात्र आहे.

२. रूप आणि नक्षी : डिझाइन

मालेगावच्या एखाद्या यंत्रमागवाल्याने साडीच्या काठाचा नवा नमुना काढला. नमुना चालला आणि पंधरा दिवसांत तोच काठ चार कारखान्यांतून निघू लागला. ही तक्रार प्रत्येक कापड पेठेत ऐकू येते. त्याला जो हक्क हवा होता तो डिझाइनचा. वस्तूचा आकार, तिच्यावरील नक्षी, रंगांची मांडणी, म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप, यासाठी २००० चा डिझाइन कायदा आहे. वस्तू कशी चालते याच्याशी या कायद्याचा संबंध नाही. नोंदणी दहा वर्षांची असते आणि आणखी पाच वर्षे वाढविता येते. एकट्या कारागिराला किंवा लघुउद्योगाला अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे.

शुल्क कमी असले तरी अट कडक आहे. अर्जाच्या दिवसापर्यंत तो नमुना देशात वा परदेशात कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा. दुकानात टांगला, प्रदर्शनात मांडला, व्हॉट्सॲपवर दहा व्यापाऱ्यांना फोटो धाडला, आणि मग नोंदणीला गेलो, तर नावीन्य आपल्याच हाताने गेलेले असते. म्हणून क्रम लक्षात ठेवावा. आधी अर्ज, मग बाजार. पैठणीवरील मोर किंवा हिमरूवरील जुनी वेलबुट्टी यांच्यासारखे पिढीजात नमुने कोणा एकाला नोंदवता येत नाहीत, कारण ते नवे नाहीत आणि सर्वांचे आहेत. त्यात खरोखर नवी भर घातली असेल तर त्या नव्या रूपाचा विचार होऊ शकतो.

नोंदविलेल्या डिझाइनची नक्कल केल्यास प्रत्येक वेळेला २५,००० रुपयांपर्यंत, आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम वसूल करता येते. याऐवजी नुकसानभरपाईचा आणि मनाईचा दावाही लावता येतो. रक्कम मोठी वाटणार नाही, पण मनाई हुकूम मिळाला की नक्कल करणाऱ्याचा माल अडकतो आणि खरा वचक त्याचाच असतो.

३. चित्र, मजकूर आणि खुशखत : कॉपीराइट

पुस्तक, लेख, चित्र, नकाशा, छायाचित्र, गाणे, चित्रपट, संगणकाचा प्रोग्रॅम यांवर निर्मात्याचा कॉपीराइट असतो. १९५७ च्या कायद्यानुसार लेखक, चित्रकार यांच्या कृतीवर तो त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. कृती तयार होताच हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केल्यास पुरावा मात्र हाताशी राहतो. चित्रासाठी शुल्क ५०० रुपये आहे, पण ते चित्र मालाच्या लेबलावर वापरायचे असेल तर २,००० रुपये.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. खत्तात एखादी आयत किंवा शेर नक्षीदार खतात लिहितो. आयतीवर कोणाची मालकी असू शकत नाही, तीच आयत दुसरा खत्तातही लिहील. पण पहिल्याने ज्या वळणाने, ज्या रचनेने ती रेखाटली, ते रेखाटन त्याचे आहे. ते जसेच्या तसे उतरवून फ्रेमा विकणे हा त्याच्या हक्काचा भंग आहे.

कारागिरांनी येथे एक कलम मुद्दाम समजून घ्यावे. जे चित्र वा नक्षी डिझाइन म्हणून नोंदविता येण्याजोगी होती पण नोंदविली नाही, आणि जिच्या वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त काढल्या, त्या डिझाइनवरील कॉपीराइट कलम १५ नुसार संपतो. म्हणजे मागावर एक्कावन्नावा नग निघाला की 'चित्र माझे आहे' ही तक्रार लंगडी पडते. मालेगावच्या त्या यंत्रमागवाल्याने डिझाइनही नोंदविले नाही आणि कॉपीराइटही गमावला, असे होण्याचे कारण हेच. कागदावर किंवा कॅनव्हासवर राहणाऱ्या चित्राची गोष्ट निराळी. कापडावर, फरशीवर, भांड्यांवर शेकड्यांनी उतरणाऱ्या नक्षीला डिझाइनचा रस्ता धरावा.

लेबल किंवा पाकीट बाहेरच्या चित्रकाराकडून करवून घेतले, पैसे दिले, म्हणजे हक्क आपला झाला असेही नेहमी होत नाही. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून काढलेले चित्र, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचे असते. बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या कामाचा हक्क मात्र लेखी लिहून घ्यावा. त्या लेखात मुदत आणि प्रदेश घालावा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरताच समजला जातो.

४. नवी युक्ती : पेटंट

नवे यंत्र, नवी प्रक्रिया, यंत्रात केलेली खरीखुरी सुधारणा यासाठी पेटंट असते. १९७० च्या कायद्यानुसार ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे चालते. तीन कसोट्या आहेत. युक्ती जगात कोठेही पूर्वी प्रसिद्ध झालेली नसावी, त्या धंद्यातील जाणत्या माणसाला सहज सुचेल अशी नसावी आणि उद्योगात उपयोगी असावी. सुरुवातीच्या तंबोऱ्याच्या खुंटीचे उदाहरण येथे बसते. खुंटी न सरकण्याची युक्ती खरोखर नवी असेल तर तिचा रस्ता पेटंटचा, आणि मानांकन असले तरी तो वेगळा चालावा लागतो.

डिझाइनप्रमाणे येथेही आधी अर्ज आणि मग वाच्यता हाच नियम आहे. युक्ती पुरी झाली नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख राखता येते, मात्र बारा महिन्यांत पूर्ण तपशिलाचा अर्ज द्यावा लागतो. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये आहे. तपासणीचे शुल्क, वकिलाचा खर्च आणि पुढे वर्षाला भरावे लागणारे नूतनीकरण शुल्क वेगळे. खर्च आणि वेळ दोन्ही जास्त असल्याने, ज्या युक्तीतून खरोखर धंदा होईल तिच्यासाठीच हा मार्ग धरावा.

परंपरेने चालत आलेले ज्ञान पेटंटला पात्र नाही, असे आपला कायदा स्पष्ट सांगतो. हळदीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये तेथील पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या आपल्या संशोधन संस्थेने जुने लेखी पुरावे देऊन त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आपल्या आजीबाईच्या बटव्यातील गोष्ट वाचली ती लेखी पुराव्यामुळे. या अनुभवानंतर सरकारने पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय कोश तयार केला. त्यात आयुर्वेदाबरोबर युनानी चिकित्सेच्या अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांतील नुस्खेही नोंदविले गेले. परदेशी पेटंट कार्यालये अर्ज तपासताना तो पाहू शकतात.

५. गावाचा लौकिक : भौगोलिक मानांकन

आता पुन्हा मिरजेकडे वळू. एखाद्या वस्तूचा गुण किंवा लौकिक तिच्या मुलखाशी बांधलेला असेल तर त्या नावाला भौगोलिक मानांकन मिळते. यासाठीचा कायदा १९९९ चा, अंमल २००३ पासून आणि नोंदणी कार्यालय चेन्नईत. पैठणी, सोलापूरची चादर आणि टॉवेल, पुणेरी पगडी, कोल्हापुरी चप्पल ही आपल्याकडची काही मानांकने. हा हक्क एका माणसाचा नसतो, सगळ्या उत्पादकांचा मिळून असतो. तो विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

संस्थेला मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक कारागिराचे काम संपले, असा समज सर्रास आढळतो. कायद्यात 'अधिकृत वापरकर्ता' असा दर्जा आहे. प्रत्येक उत्पादकाने स्वतंत्र अर्ज करून त्या यादीत आपले नाव घालावे लागते. त्याचे शुल्क नाममात्र आहे. यादीत नाव असेल तर मानांकनाची खूण आपल्या मालावर लावता येते आणि बनावट माल विकणाऱ्याविरुद्ध स्वतः दावाही करता येतो. खोटे मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

या हक्काची मर्यादा कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणात दिसली. महाराष्ट्रातील लिडकॉम आणि कर्नाटकातील लिडकर या दोन महामंडळांच्या नावे २०१९ मध्ये हे मानांकन नोंदविले गेले. जून २०२५ मध्ये मिलान शहरातील एका फॅशन शोत प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखविल्या, पण कोल्हापूरचे नाव घेतले नाही. ओरड झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती जुलै २०२५ मध्ये फेटाळली गेली, कारण याचिकाकर्ते मानांकनाचे मालक नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोन्ही महामंडळांशी करार केला. मानांकन प्रामुख्याने नावाचे रक्षण करते, आकाराचे नाही, आणि भारतातील नोंदणी इटलीत आपोआप चालत नाही. कारागिरांच्या बाजूने लोकमत उभे राहिले म्हणून करारापर्यंत गोष्ट गेली. प्रत्येक वेळी तसे होईलच असे नाही.

६. घरातला नुस्खा : व्यापारी गुपित

अत्तराचे मिश्रण, बिर्याणीचा मसाला, पॉलिशचे प्रमाण, ठोक गिऱ्हाइकांची यादी ही गुपिते होत. यांची नोंदणी कोठेही होत नाही. आपल्या देशात यासाठी स्वतंत्र कायदाही झालेला नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या अहवालात तसा कायदा करण्याची शिफारस केली. तोवर आधार दोनच : लेखी करार आणि स्वतः घेतलेली काळजी.

पेटंट आणि गुपित यांत मूलभूत फरक आहे. पेटंट घ्यायचे तर युक्ती जगासमोर उघड करावी लागते, त्याच्या बदल्यात वीस वर्षांचा हक्क मिळतो. गुपित जपले तर ते शंभर वर्षेही चालेल, पण एकदा फुटले की परत येत नाही. आणि दुसऱ्याने स्वतःच्या प्रयोगाने तीच चव वा तोच सुगंध काढला तर त्याला अडवता येत नाही. म्हणून नुस्खा एका नोकराच्या हाती पूर्ण देऊ नये, लिहिलेला कागद कुलपात असावा आणि ज्यांना तो माहीत आहे त्यांच्याकडून गुप्ततेचा करार लिहून घ्यावा. न्यायालय प्रथम हेच विचारते की, तुम्ही स्वतः ते गुपित म्हणून जपले होते काय?

दुसऱ्याच्या हक्काचेही भान

आपला हक्क मागताना दुसऱ्याचा पाळणेही आले. नामांकित कंपन्यांची नावे लावलेली घड्याळे, बूट, चष्मे 'फर्स्ट कॉपी' म्हणून विकणारे अनेक छोटे दुकानदार असतात. 'माल मी बनविला नाही, फक्त विकला' ही सबब कायद्यात सहज चालत नाही. बनावट ट्रेडमार्कचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घाऊक व्यापाऱ्याकडून बिल घेतले नसेल तर बचावही उरत नाही. थोड्या नफ्यासाठी दुकानाला टाळे लागावे, असा हा सौदा आहे.

परदेशी माल पाठविणाऱ्यांसाठी

नोंदणीने मिळणारे हे हक्क देशापुरते असतात. कोकणातून, मुंबईतून आखाती देशांत मसाले, कपडे, अत्तरे पाठविणारे आपले अनेक व्यापारी आहेत. येथील नोंदणी दुबईत उपयोगी पडत नाही. तेथील वितरकाने आपलेच नाव स्वतःच्या नावे नोंदवून टाकले तर आपला माल आपल्यालाच तेथे विकता येणार नाही. माद्रिद करारात भारत जुलै २०१३ मध्ये आणि संयुक्त अरब अमिराती डिसेंबर २०२१ मध्ये सामील झाले. त्यामुळे येथील ट्रेडमार्क कार्यालयामार्फत एकाच अर्जाने तेथील नोंदणी मागता येते. माल पाठविण्याआधी हे काम करावे, नंतर नव्हे.

आता काय करावे?

नवा नमुना किंवा नवी युक्ती असेल तर थांबा. कोणाला दाखवू नका, फोटो पाठवू नका, आधी अर्ज करा. येथे झालेला उशीर भरून निघत नाही. नाव जुने असेल तर पुरावे गोळा करा. सर्वांत जुने बिल, जुनी पाटी, जुनी जाहिरात एका फायलीत लावा आणि नोंदणीचा अर्ज टाका. अर्जापूर्वी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तेच किंवा तसेच नाव आधी कोणी घेतले आहे काय, हे फुकट पाहता येते. आपल्या मुलखाच्या वस्तूला मानांकन असेल तर अधिकृत वापरकर्त्यांच्या यादीत आपले नाव आहे का, हे आपल्या संघटनेला विचारा. लेबल करणाऱ्या चित्रकाराकडून हक्क लिहून घ्या. सवलतींची आणि योजनांची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात होऊ शकते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर या विषयातील जाणकार वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा, पण अर्ज नेहमी आपल्या किंवा आपल्या फर्मच्या नावे आहे याची खात्री करावी.

मिरजेच्या कारागिरांनी एकत्र येऊन अर्ज केला, म्हणून त्यांच्या गावाचे नाव राखले गेले. आपल्या समाजात हुन्नर कमी नाही आणि मेहनतही कमी नाही. कमी पडतो तो कागद. तो वेळेवर केला तर आज हातात असलेली कमाई उद्या मुलाबाळांच्याही हाती राहील.